बंदा रुपया आणि त्याची मोड

इ. स. १८७५ मध्ये लंडनला विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाचा पैशावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पैसा म्हणजे काय, या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर आपल्याकडे कॉलेजात जाणाऱ्या मुलांना थोड्याफार फरकाने आजही पाठ करावे लागते. पैसा हे विनिमयाचे माध्यम, मूल्याचे माप, पुढच्या देण्याघेण्याचे प्रमाण आणि मूल्याचा साठा. चार कामे सांगितली की व्याख्या संपली.

त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली आणि कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या जाळल्या. पाहता पाहता दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जविषयक कायदा केला. या दंग्यांची एक गोष्ट इतिहासकारांनी वारंवार नोंदवली आहे. शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता आणि सावकाराने मुकाट्याने रोखे हवाली केले की बहुधा पुढचा अनर्थ टळत असे.

जेव्हन्सच्या चार कामांत या होळीला कुठे बसवायचे? शेतकऱ्यांनी जाळले ते विनिमयाचे माध्यम नव्हते. एका माणसाचा दुसऱ्यावर चालणारा अधिकार त्या कागदावर लिहिलेला होता आणि तो त्यांनी जाळला. परंपरा सांगते की त्याआधी दोन शतके याच जिल्ह्यातल्या देहूत तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. तिथे घेणेकऱ्याने आपण होऊन हक्क सोडला आणि सुप्यात देणेकऱ्यांनी तो हिसकून घेतला. कागद एकाच जातीचा, पण अर्थ दोन. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. पैशाला अनेक अर्थ असतात, हे आता सर्वमान्य झाले आहे. ते अर्थ कोण ठरवतो आणि ठरलेल्या अर्थाची किंमत कोण मोजतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

शब्दांची साक्ष

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. या विषयाकडे मी शब्दांच्या वाटेने आलो. मराठीत हे शास्त्र आले तेव्हा त्याचे नावसुद्धा ठरलेले नव्हते. लोकहितवादींनी १८४९ साली आपल्या पुस्तकाला ‘लक्ष्मीज्ञान’ म्हटले. काही वर्षांनी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिली. पुढे ‘अर्थशास्त्र’ हाच शब्द रूढ झाला आणि लक्ष्मी देव्हाऱ्यात परत गेली. पण जो शब्द टिकला, तोही साधा नाही. ‘अर्थ’ म्हणजे द्रव्य, ‘अर्थ’ म्हणजे हेतू आणि ‘अर्थ’ म्हणजे शब्दातून कळते तेही.

बोलीत तर पैशाचे बाजारभरून अवशेष पडले आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि सोळा आण्यांचा, म्हणजे चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणा गेला, पण ‘सोळा आणे खरं’ राहिले. दमडी आणि कवडी त्याच्याही आधी गेल्या, तरी चमडी जाऊनही दमडी न सोडणारा माणूस आणि कवडीमोल ठरलेला माल अजून भेटतात. यात ‘बंदा रुपया’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंदा म्हणजे न मोडलेला, अखंड. रुपया मोडला की सुटे पैसे येतात आणि त्यांना वेगवेगळे पाय फुटतात. अर्थशास्त्राला बंदा रुपया दिसतो, संस्कृतीच्या अभ्यासकांना त्याची मोड. दोघांच्या भांडणाचे सार एवढेच आहे.

मोड मोजणारी बाई

या भांडणात दोन नावे घेणे भाग आहे. गेओर्ग झिमेल या जर्मन विचारवंताचा ‘पैशाचे तत्त्वज्ञान’ हा ग्रंथ १९०० साली आला. पैसा सगळ्या गोष्टींना एका मापात आणतो, त्यांचे रंग पुसून टाकतो, असे त्याचे म्हणणे. त्याबरोबर त्याने दुसरीही बाजू सांगितली. देणे धान्याचे किंवा श्रमाचे असते तेव्हा देणारा माणूस घेणाऱ्याच्या मुठीत असतो. तेच देणे पैशात देता आले की तो माणूस म्हणून मोकळा होतो.

दुसरे नाव अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलायझर यांचे. १९९४ च्या ‘पैशाचा सामाजिक अर्थ’ या ग्रंथात त्यांनी १८७० ते १९३० च्या दशकांतील अमेरिकी घरे तपासली. बायकांना मिळणारा हातखर्च, भेटीचे पैसे, गरिबांना दिली जाणारी मदत असे पैशाचे प्रकार त्यांनी पाहिले. पैसा सगळा सारखाच, हे त्यांना मान्य नाही. माणसे पैशाला खुणा करतात, वेगळा ठेवतात, नाव देतात आणि एका नावाचा पैसा दुसऱ्या कामाला लावताना अडखळतात. देण्याचे तीन प्रकारही त्यांनी मांडले आहेत: मोबदला, हक्क आणि भेट. रक्कम तीच असली तरी ती या तिघांपैकी कोणत्या नावाने दिली, यावर देणाऱ्या-घेणाऱ्याचे नाते ठरते. ही त्रयी लक्षात ठेवावी, पुढे ती पुन:पुन्हा लागणार आहे.

झेलायझर यांचे म्हणणे पटवून घ्यायला अमेरिकेला जायची गरज नाही. मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीतल्या कोणत्याही चाळीत, सोसायटीत भिशी चालते. बारा बायका, दरमहा प्रत्येकी २,००० रुपये, चिठ्ठी निघेल तिला २४,०००. पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघते तिला २२,००० रुपये बिनव्याजी कर्ज मिळते. जिची शेवटी निघते ती वर्षभर इतरांना बिनव्याजी कर्ज देत असते. सहा टक्के व्याज धरले तर तिचे साधारण ६६० रुपये बुडतात. बंद्या रुपयाचा हिशेब करणारा म्हणेल, बाईंनी बँकेत आवर्ती ठेव का उघडली नाही? तर त्या ६६० रुपयांत बाईंना एक कुलूप मिळालेले असते. बँकेतला पैसा घरातल्या कुणालाही मागता येतो. ‘भिशीचा आहे, अकरा जणींचे देणे आहे’ म्हटले की नवरा, दीर, मुलगा सगळेच थांबतात. भिशीचा पैसा हे वेगळ्या जातीचे चलन आहे आणि त्याच्यामागे अकरा जणींची जामीनकी आहे.

आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला रुपया हे दुसरे उदाहरण. शंभराला एक जोडला की आकडा शून्यावर संपत नाही, देणेघेणे चालू राहते, असा त्यामागचा समज. गंमत अशी की कायद्याच्या नजरेनेही ते दोन वेगळे पैसे आहेत. शंभराची नोट हे रिझर्व्ह बँकेचे वचन आहे आणि त्यावर गव्हर्नरची सही असते. रुपयाचे नाणे भारत सरकारचे आहे, त्यावर कुणाचे वचन नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी हे वाचलेले नव्हते, पण वचन मोडू शकते आणि नाणे हातात राहते, एवढे त्यांना अनुभवाने ठाऊक असणार.

इथपर्यंत झेलायझर यांची सरशी आहे. त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून मराठीत उत्तम अभ्यास होऊ शकतात. कोकणात मुंबईहून जाणारी मनीऑर्डर आणि तिच्या तुकड्यावर चार ओळींच्या जागेत कोंबलेला निरोप, वेसाव्याच्या कोळणींच्या हातात राहणारा मासळीचा पैसा, घाटकोपरच्या व्यापाऱ्यांचे चोपडापूजन असे विषय नुसते पडून आहेत. पण अर्थांची अशी यादी कितीही लांबवली तरी एक प्रश्न शिल्लक राहतो आणि माझी तक्रार तिथून सुरू होते.

नाव कोण ठेवतो?

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हातारा भुजंगनाथ पैसे मोजून कोवळी बायको आणू पाहतो आणि मुलीचा बाप कांचनभट ते पैसे घेतो. बापाच्या नावातच देवलांनी सोने ठेवले आहे. सव्वाशे वर्षे प्रेक्षकांना या सौद्याची चीड येते, कारण या पैशाला कोणतेही सोज्ज्वळ नाव चिकटत नाही, ती सरळ किंमत आहे. याउलट मुलीच्या बापाने वरपक्षाला द्यायची रक्कम ‘मानपान’, ‘करणी’, ‘मुलीच्या संसाराला हातभार’ अशा नावांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यालाही या नावांपुढे वाट सोडावी लागली. मागणी न करता दिलेल्या भेटी यादी करून चालतात, असा अपवाद त्यात आहे. किंमत भेटीचे नाव घेऊन येते आणि मग मागणी झाली होती की नाही, एवढाच वाद उरतो.

मुंबईच्या घरांची पगडीही याच कुळातली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, भाड्यापलीकडे रक्कम घेणे गुन्हा ठरवले आणि ती रक्कम पागोट्याचे नाव घेऊन हातोहात फिरू लागली. १९९९ च्या कायद्याने अखेर ती घेण्यास मुभा दिली. मधली पन्नासेक वर्षे शहराच्या घरबाजाराचा मोठा भाग एका मानाच्या शब्दाच्या आडोशाने चालला. पैशाचे सामाजिक अर्थ असतात हे खरे. पण त्यातले काही अर्थ झाकण्यासाठीच बनवलेले असतात, आणि झेलायझर यांच्या पद्धतीने आपण त्यांची नुसती नोंद करीत गेलो तर आपणही त्या झाकणाला हातभार लावतो.

याचा मुंबईतला सर्वांत स्पष्ट दाखला दिवाळीचाच आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना सलग काही वर्षे बोनस दिला. १९२३ चा बोनस नाकारला, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि संप मार्चपर्यंत चालला. मालकांची भूमिका अशी, की बोनस ही आमच्या खुशीने दिलेली भेट होती, नफा झाला म्हणून दिली आणि आता देत नाही. कामगारांची भूमिका अशी, की दरवर्षी मिळणारी रक्कम आमच्या वेतनाचाच भाग झाली आहे. सरकारने मुख्य न्यायमूर्ती मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रूढी, कायदा किंवा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधाराने कामगारांचा हक्क सिद्ध होत नाही, असा तिचा निष्कर्ष आला.

हा वाद रकमेचा होता, तितकाच नावाचा होता. पैसा भेट आहे की हक्क, यावर दीड लाख घरांची चूल अवलंबून होती आणि नाव ठरवणाऱ्यांत त्या घरांतले कुणी नव्हते. पुढे चाळीस वर्षे न्यायाधिकरणे, संघटना आणि संप यांतून तेच नाव इंचाइंचाने बदलत गेले. १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क ठरला. किमान मर्यादा आधी चार टक्के होती, नंतर ८.३३ टक्के झाली. हा आकडा विचित्र दिसतो, पण तो वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार आहे.

आता गिरणगावातून उपनगरात या. आपल्या घरात भांडी घासणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बाईला दिवाळीत आपण जे देतो त्याला जुन्या मराठीत ‘पोस्त’ म्हणत. पोस्टमनला, झाडूवाल्याला, कामवालीला पोस्त. पोस्त मागावी लागते आणि देणाऱ्याच्या मर्जीने मिळते. वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांसाठी केलेला बोनस कायदा घरकामाला लागू होत नाही. आणि तरीही मुलुंड ते अंधेरी, घराघरांतून या बायका ‘पोस्त’ हा शब्द वापरत नाहीत, ‘बोनस’ म्हणतात आणि एक महिन्याचा पगार धरतात. कायद्याने न दिलेला हक्क त्यांनी शब्दातून घेतला आहे. ‘आजकाल या बायका बोनस मागतात’ अशी कुरकूर सोसायटीच्या सभांतून ऐकू येते. त्या कुरकुरीचा खरा विषय रक्कम नसतो. पोस्तीत देणाऱ्याला मिळणारा मोठेपणा बोनसमध्ये मिळत नाही, ही ती बोच असते.

बलुत्याचा गोडवा

मराठी लेखनात एक जुनी सवय आहे. पैसा आला आणि माणुसकी गेली. पूर्वी गावात पैशावाचून सगळ्यांचे चालत असे, सुतार नांगर दुरुस्त करी आणि सुगीला त्याच्या घरी धान्य पोहोचे. दिवाळी अंकांतल्या ललित लेखांतून हे चित्र किती वेळा येते, हे वाचकांना सांगायला नको. पाश्चात्त्य संस्कृती-अभ्यासकांची साक्ष काढून आता त्याला शास्त्राचे वजनही दिले जाते.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. बलुतेदारीचे इतके बारकाईचे वर्णन मराठीत दुसरे नाही, आणि ते वर्णन करणारा माणूस तिचा भक्त नव्हता. सुगीच्या खळ्यावर कुणब्याभोवती घेणाऱ्यांची कशी रांग लागते, हे त्यांनी कुणब्याच्या बाजूने दाखवले. त्याच रांगेच्या शेवटी उभ्या राहणाऱ्याची बाजू मराठी वाचकासमोर ठसठशीतपणे यायला १९७८ उजाडले. दया पवारांनी गाव आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणचे आपले जगणे मांडले आणि पुस्तकाला नाव दिले ‘बलुतं’. सबंध आत्मकथनाला त्या एका शब्दाचे नाव द्यावेसे वाटले, यात व्यवस्थेवरची टीका सामावली आहे.

झेलायझर यांची त्रयी इथे लावून पाहा. बलुते हा मोबदला होता का? तसे असते तर काम आणि धान्य यांचे प्रमाण ठरलेले असते. महाराच्या वाट्याची कामे तर मोजलेलीच नव्हती. वेस राखणे, सांगावे पोहोचवणे, मेलेले जनावर ओढणे आणि वर सरकारी अंमलदाराची सरबराई. मग हक्क होता का? कागदावर तसे म्हटले जाई, पण दारोदार जाऊन मागून आणावा लागणारा हक्क कसला? आणि भेट म्हणावी, तर ती नाकारण्याची मुभा घेणाऱ्याला नव्हती. तिन्ही नावे सोयीनुसार बदलत आणि बदलण्याची सोय नेहमी एकाच बाजूला असे. अर्थसमृद्धी म्हणतात ती इथे होती, पण ती समृद्धी देणाऱ्याच्या घरी होती.

म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी जे विधेयक मांडले, ते पैशाच्या अभ्यासकांनी वाचायला हवे. कामांची नीट व्याख्या व्हावी आणि बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती सरकारमार्फत वसूल व्हावी, असा त्याचा रोख होता. विधेयक तेव्हा तडीस गेले नाही आणि गावकामगारांची कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. पण मागणी काय आहे ते पाहावे. धान्याची रोकड करा, म्हणजे त्याला चिकटलेला मान, अपमान, उपकार सगळे गळून पडेल. पैशाने रंग पुसून टाकणे, ज्याबद्दल झिमेलच्या वाचकांना हळहळ वाटते, तेच इथे मुक्तीचे साधन आहे. गिरणीत किंवा रेल्वेत मिळणाऱ्या पगाराला जात नव्हती, असे म्हणणे धाडसाचे होईल. गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्यांना प्रवेश मिळत नव्हता, हे सर्वश्रुत आहे. पण पगाराचा रुपया हातात पडल्यावर बाजारात त्याला कुणी ‘हा कुठल्या वाड्यातून आला’ असे विचारत नव्हते. बंदा रुपया मुका असतो, आणि ज्यांच्याविषयी गावाने फार बोलून ठेवले होते त्यांना मुक्या पैशाचे मोल कळले.

रुपयाचा प्रश्न

इथे अर्थशास्त्रज्ञ टाळ्या वाजवील. त्याला थोडे थांबवायला हवे आणि त्यासाठी आंबेडकरच पुरेसे आहेत. १९२८ च्या विधेयकाच्या पाच वर्षे आधी, १९२३ मध्ये, त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लंडनला प्रसिद्ध झाला होता. हे दोन दस्तऐवज आपल्याकडे दोन कपाटांत ठेवले जातात, एक अर्थतज्ज्ञ आंबेडकरांच्या आणि दुसरा समाजसुधारक आंबेडकरांच्या. माझ्या मते ते एकाच विचाराचे दोन भाग आहेत.

१८९३ पर्यंत हिंदुस्थानात कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. रुपया म्हणजे एक तोळा वजनाचे चांदीचे नाणे, आणि गरीब घरातल्या बायकांच्या पायातले वाळे म्हणजे जवळपास साठवलेले रुपयेच. त्या वर्षी टांकसाळी लोकांना बंद झाल्या. रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपासून सुटली आणि ती सांभाळणे सरकारच्या हाती गेले. वाळे तेच राहिले, पण ते आता रुपये नव्हते. पुढे जी विनिमय-परिमाणाची व्यवस्था उभी राहिली तिची जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या ग्रंथात भलामण केली. आंबेडकरांनी तिला विरोध केला. ज्या चलनाचा पुरवठा राज्यकर्त्यांच्या मर्जीवर वाढू शकतो त्याची किंमत घसरणार, आणि घसरण सर्वांना सारखी लागत नाही. भाव आधी चढतात, मजुरी मागून रांगत येते. घसरत्या रुपयाने निर्यातदारांना होणारा लाभ देशाचा लाभ म्हणून सांगितला जाई. आंबेडकरांनी दाखवले की तो देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला पैसा आहे. म्हणून रुपये पाडण्याच्या सत्तेला पक्की मर्यादा हवी, हा त्यांचा आग्रह होता.

आता दोन्ही कपाटे शेजारी ठेवू. बलुत्याची रोकड करा, कारण धान्याचा अर्थ ठरवणारा गाव अन्याय करतो. पण ज्या रुपयात रोकड करायची, त्याची किंमत ठरवणारे सरकारही अन्याय करू शकते, म्हणून त्यालाही बांधून घाला. गावाच्या मर्जीतून सुटून टांकसाळीच्या मर्जीत अडकणे त्यांना नको होते. मुका रुपया मोकळे करतो, हे झिमेलला दिसले. रुपया मुका ठेवायला कुणावर तरी बंधन घालावे लागते, हे आंबेडकरांना दिसले.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री याची प्रचिती घरोघर आली. पाचशे आणि हजारच्या नोटा, म्हणजे चलनातल्या एकूण किमतीचा सुमारे ८६ टक्के भाग, रद्द झाल्या. डाळीच्या डब्यातले, साडीच्या घडीतले, माहेराहून आलेले, भिशीतून वाचवलेले असे झेलायझर यांचे सगळे प्रकार एका रात्रीत बाहेर आले आणि बँकेच्या खिडकीवर फक्त नोटा झाले. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही, असे सरकारला सांगावे लागले. बायकांच्या चोरकप्प्याला राज्याने दिलेली ती मान्यता होती, पण कप्पा उघडा पडल्यानंतर मिळालेली. रद्द नोटांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक परत आल्याचे रिझर्व्ह बँकेने पुढे सांगितले. घरातली जी गुप्तता मोडली ती मात्र कोणत्याही अहवालात नाही.

ओवाळणी की हक्क?

या सगळ्या चर्चेची आजची कसोटी महाराष्ट्रातच चालू आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आणली. पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये थेट बँक खात्यात. पहिल्या दोन हप्त्यांचे ३,००० रुपये त्या ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर जमा होऊ लागले आणि ती भावाची ओवाळणी म्हणून मांडली गेली.

यावरची टीका दोनच अंगांनी झाली: तिजोरीला परवडते का, आणि मतांसाठी आहे का. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण ते बंद्या रुपयाचे प्रश्न आहेत. मोडीचा प्रश्न वेगळा आहे. स्त्रीच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात येणारा पैसा हा मुका पैसा आहे. तो सासरच्या परवानगीने आलेला नाही, त्याचे मोल मी कमी लेखणार नाही. भिशीच्या कुलपासाठी ६६० रुपये मोजणाऱ्या बाईला ते सर्वांत आधी कळेल. मात्र त्याच पैशाला जे नाव दिले गेले ते बोलके आहे. ओवाळणीचा आकडा बहीण ठरवत नाही. ओवाळणी कमी पडली म्हणून ती दाद मागत नाही, आणि एखाद्या वर्षी भाऊ आलाच नाही तर ताट झाकून ठेवते. पात्रतेच्या फेरतपासणीत कुणाचे नाव गळाले, तर नागरिक म्हणून ती कारण विचारू शकते. बहीण म्हणून ती फक्त रुसू शकते.

१९२४ मध्ये मालक जे म्हणत होते त्याच्याशी हे ताडून पाहावे. खुशीने दिले, खुशीने थांबवू. कामगारांना ‘भेट’ हा शब्द खोडून ‘हक्क’ लिहायला चार दशके लागली. घरकाम करणाऱ्या बायका ‘पोस्त’ खोडून ‘बोनस’ लिहीत आहेत. योजनेच्या लाभार्थी उद्या कोणता शब्द खोडतील हे आपण सांगू शकत नाही. पण तो खोडण्याचा अधिकार त्यांचा आहे आणि समीक्षकाने त्या नावाच्या गोडव्याला भुलू नये, एवढे म्हणता येते.

तात्पर्य, पैशाला अर्थ असतो की नुसती किंमत असते, हा वाद आता पुरे. दोन्ही असतात. कोणत्याही पैशाविषयी तीन गोष्टी विचारल्या की बरेचसे उजेडात येते. त्याला नाव कुणी दिले? घेणाऱ्याला ते नाव नाकारता येते का? आणि नाव पुसून नुसता रुपया उरला, तर सुटतो कोण आणि बुडतो कोण? भिशी या कसोटीला उतरते, कारण तिचे नाव बायकांनीच ठेवले आहे आणि पुढच्या वर्षी बाहेर पडायची मुभा त्यांना आहे. बलुते उतरत नाही, पगडी उतरत नाही, हुंडा तर नाहीच.

यंदाही लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नोटा, नाणी आणि नवी वही मांडली जाईल. नोटा-नाण्यांचा आकडा ठरलेला आहे. वहीचे पहिले पान कोरे आहे. त्यावर कुणाच्या नावापुढे ‘दिले’ लिहायचे आणि कुणाच्या नावापुढे ‘देणे’, हे लेखणी धरणाराच ठरवणार आहे.